पाठीवरचा सहासष्ट

सायकलला ब्रेक नाहीत, हे आर्सेन कोपेन्सला सायकल घरी आणल्यावर कळलं. त्याने विकणाऱ्याला फोन केला आणि अत्यंत सभ्य शब्दांत विचारलं, की उरलेले भाग कधी पाठवताय. पलीकडचा माणूस बराच वेळ हसला.

"साहेब, ट्रॅकची सायकल आहे ती. हिला ब्रेक नसतात, गिअर नसतात आणि पाय थांबवायची सोयही नसते. चाक फिरतंय तोवर पॅडल फिरणार."

"मग थांबायचं कसं?"

"थांबायला घेतलीत होय?" असं म्हणून त्याने फोन ठेवला.

खरं तर हे सगळं एका वाक्यामुळे झालं होतं. हाइमेलच्या नगरपालिकेत खिडकी क्रमांक चारवर आर्सेन बावीस वर्षं बसत होता. बुधवारी जेवणाच्या सुट्टीत कॅन्टीनच्या टीव्हीवर ट्रॅकच्या शर्यती चालू होत्या आणि तोंडात बटाटा असताना आर्सेन म्हणाला, "यात काय मोठंसं आहे? नुसतं गोल गोल तर फिरायचं. रस्ता चुकायचीसुद्धा भीती नाही."

समोर बांधकाम परवान्यांचा विल्फ्रीड बसला होता. विल्फ्रीड वाद घालत नाही. त्याने शांतपणे मोबाइल काढला, जूनच्या पहिल्या गुरुवारी संध्याकाळी होणाऱ्या हौशी शर्यतीचा फॉर्म उघडला आणि त्यात आर्सेनचं नाव भरून टाकलं. मग सगळ्या ऑफिसला कळवलं, की पहिल्या गुरुवारी कुणी दुसरं काही ठरवू नका.

हाइमेलमध्ये कुणी घटस्फोट घेतला तर लोक आपापल्या घरात बोलतात. पण कुणी सायकल घेतली तर दारात येऊन बोलतात. बेल्जियमच्या या फ्लँडर्स भागात जन्मलेल्या प्रत्येक माणसाला सायकलीतलं सगळं कळतं, अशी इथे सर्वमान्य समजूत आहे. बेकरीवाल्या मारिएतबाईंनी पाव कापता कापता सांगितलं, की सीट दोन बोटं वर घे. औषधाच्या दुकानात तीच सीट दोन बोटं खाली घ्यायला सांगण्यात आलं. आर्सेनने दोघांचंही ऐकलं आणि ती होती तिथेच राहिली. रविवारी प्रार्थना संपल्यावर फादरनी त्याला बाजूला घेतलं. पत्नीशी काही बिनसलंय की काय असं विचारतील म्हणून आर्सेन घाबरला, तर फादर कुजबुजले, "मागच्या टायरमध्ये हवा किती भरतोस?"

डॉक्टरांकडे तो शर्यतीसाठी लागणारा तब्येतीचा दाखला आणायला गेला. डॉक्टरांनी अर्धा मिनिट छाती तपासली आणि वीस मिनिटं त्याला खुर्चीवर वाकवून, हात पुढे करायला लावून त्याची बैठक तपासली. दाखल्यावर त्यांनी लिहिलं : 'हृदय ठीक. बैठक वाईट.' हा दाखला शर्यत भरवणाऱ्या सायकल संघटनेच्या ऑफिसातून परत आला. शेऱ्याचा रकाना कोरा असायला हवा होता.

आता इथे एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. बावीस वर्षांत आर्सेनने स्वतः किती लोकांना परत पाठवलं असेल याची गणती नाही. कुणाचा शिक्का तिरका, कुणाच्या पत्त्यात एक आकडा कमी, कुणाच्या आजीच्या नावात एक अक्षर जास्त. प्रत्येकाला तो सौम्य आवाजात सांगे, "यात वैयक्तिक काही नाही." संघटनेच्या ऑफिसातल्या बाईंनी त्याला नेमकं हेच वाक्य नेमक्या त्याच आवाजात सांगितलं, तेव्हा ते किती वैयक्तिक असतं ते त्याला आयुष्यात पहिल्यांदा कळलं. त्या बाईंनी पुढे असंही सांगितलं, की अर्जदार एखाद्या नोंदणीकृत क्लबचा सभासद असणं आवश्यक आहे.

हाइमेलमध्ये एकच क्लब होता : 'आनंदी चाक'. त्याचा हयात सभासदही एकच होता. आर्सेनच्या शेजारचे ओमेर. वय अठ्ठ्याहत्तर. आर्सेन लहानपणापासून त्यांना काका म्हणत आलेला. तरुणपणी ओमेरकाका गेंटच्या सहा दिवसांच्या शर्यतीत उतरले होते आणि चौथे आले होते. निदान एप्रिलमध्ये ते चौथे होते. आर्सेनच्या निमित्ताने तो विषय रोज निघू लागला, तसे ते मेच्या मध्यापर्यंत दुसरे आले.

"सभासदत्व असं कुणालाही देता येत नाही," ओमेरकाका म्हणाले. "सर्वसाधारण सभा घ्यावी लागेल."

सभा त्यांच्या स्वयंपाकघरात झाली. अध्यक्षस्थानी ओमेर. प्रस्ताव मांडला ओमेर यांनी, अनुमोदन दिलं ओमेर यांनी. इतिवृत्त आर्सेननेच लिहिलं, कारण काकांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नुकतंच झालं होतं. मतदानाच्या वेळी अर्जदाराने खोलीबाहेर थांबावं असा नियम असल्यामुळे त्याला परसात कोंबड्यांजवळ उभं केलं गेलं. बारा मिनिटं झाली तरी कुणी बोलवेना.

"काका, झालं का?"

"थांब जरा! चर्चा चाललीय!"

शेवटी ठराव बहुमताने मंजूर झाला. एकमताने का नाही, हे आर्सेनने विचारलं नाही. पण त्या रात्री त्याला नीट झोप लागली नाही.

सरावही काकांनीच घेतला, चर्चच्या मागच्या पटांगणात. गती घ्यायला तो दोन दिवसांत शिकला. थांबायला मात्र काही केल्या जमेना. पाय थांबवायला गेलं की पॅडल खालून ढुशी देई आणि आर्सेन सीटवरून वीतभर उडे. एका शनिवारी तो तसाच पटांगणातून बाहेर पडला आणि थेट बाजारात शिरला. भाजलेल्या कोंबड्यांची गाडी आणि फुलांचा स्टॉल यांच्यामधून त्याने बाजाराला चार चकरा मारल्या आणि गावात आपली काही एक पत आहे हे लक्षात ठेवून प्रत्येक चकरेला ओळखीच्या सगळ्यांना "सुप्रभात" म्हटलं. तिसऱ्या चकरेपर्यंत लोकांनी उत्तर दिलं. चौथ्या चकरेला तो बेगोनियांच्या कुंड्यांत थांबला.

"थांबलास ना शेवटी?" ओमेरकाका धापा टाकत येऊन म्हणाले. "जमतंय तुला."

पहिला गुरुवार उजाडला तो लख्ख उन्हाचा. शर्यती संध्याकाळी सातला होत्या. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, त्यामुळे जे काही होईल ते सगळ्यांना स्वच्छ दिसणार होतं.

कपड्यांची सोय क्लबकडून झाली होती. म्हणजे काकांनी माळ्यावरून १९७१ सालचा तपकिरी-पिवळा लोकरी अंगरखा काढून दिला होता. तो मुळात काकांच्या मापाचा, त्यातून दोनदा चुकून गरम पाण्यात धुतलेला. गोडेलीव्हने, म्हणजे आर्सेनच्या बायकोने, त्याला त्या वेशात पाहिलं आणि ती तडक स्वयंपाकघरात गेली. तिथून बराच वेळ जोरात नळ सोडल्याचा आवाज येत राहिला. बाहेर आली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"छान दिसतोयस," ती म्हणाली. "फक्त बसू नकोस."

ट्रॅकवर पोहोचल्यावर आर्सेनची पहिली दातखीळ बसली ती वळणं पाहून. टीव्हीवर ती सपाट दिसतात. प्रत्यक्षात सिमेंटची भिंत कुणीतरी किंचित मागे कलती केली असावी, असं ते प्रकरण होतं. प्रेक्षकांच्या बाकांवर नगरपालिकेची तिसरी ओळ अख्खी भरली होती. विल्फ्रीडने घंटा आणली होती.

नोंदणीच्या टेबलावर मुख्य पंच इर्मा डेपाउ बसल्या होत्या. पस्तीस वर्षं गणित शिकवून निवृत्त झालेल्या या बाईंनी आर्सेनचे कागद एकेक करून उन्हात धरून पाहिले. आर्सेनला मनोमन त्यांच्याबद्दल आदर वाटला. त्यांनी त्याला कापडी नंबर दिला : 66.

"पाठीवर, कमरेच्या वर, चार पिना. मी चेहरे बघत नाही," त्या म्हणाल्या. "चेहरे बघितले की ओळखी निघतात. मी फक्त नंबर बघते."

नंबर लावणं हे दिसतं तितकं सोपं नव्हतं. आर्सेन सरळ उभा असला की अंगरख्याची लोकर पाठीवर गोळा व्हायची आणि पिन आत जायची ती आर्सेनमध्ये. मग काकांनी तोडगा काढला. आर्सेनला बाकावर पालथं वाकवलं, डोकं खाली, हात जमिनीकडे, आणि स्वतः त्याच्या डोक्याच्या बाजूला उभे राहून, चष्मा कपाळावर चढवून, त्यांनी चार पिना ठोकल्या.

"सरळ आहे ना?" आर्सेनने बाकाखालून विचारलं.

"मी पन्नास वर्षं नंबर लावतोय," काका म्हणाले.

काकांच्या बाजूने पाहिलं तर तो खरोखरच सरळ होता.

शर्यतीचा प्रकार असा होता : चौदा स्पर्धक एकत्र निघणार आणि दर दोन फेऱ्यांनी रेषेवर जो शेवटी असेल तो बाद. शेवटी दोघं उरली की त्यांच्यात निकाल. पहिलं बक्षीस म्हणून डुकराची एक अख्खी, धुरावलेली मांडी टेबलावर ठेवली होती. ती गावातल्या नॉर्बर्ट खाटकाने दिलेली. दर महिन्याला नॉर्बर्टच ती देई, दर महिन्याला नॉर्बर्टच शर्यत जिंकून ती परत घेऊन जाई, आणि दुकानात ती 'विजेती मांडी' म्हणून जास्त भावाने विके. या व्यवस्थेबद्दल गावात नाराजी होती. पण नॉर्बर्ट एवढा दांडगा, की ती कुणी त्याच्यासमोर बोलून दाखवत नसे. त्याचा नंबर होता 99.

सगळे कठड्याला धरून ओळीत उभे राहिले. आर्सेनच्या शेजारी एक लुकडा, टक्कल पडलेला दंतवैद्य होता, लुडो नावाचा, नंबर 14. त्याने आर्सेनच्या अंगरख्याकडे पाहून विचारलं, "संग्रहालयातून आणलात?" उत्तर सुचायच्या आत पिस्तूल वाजलं.

पहिल्या वळणावर आर्सेनने डोळे मिटले. ते उघडले तेव्हा तो अजून सायकलवर होता, आणि या आनंदात बाकीचे तेराजण बरेच पुढे गेले होते. दोन फेऱ्या झाल्या. रेषेवर तो शेवटचा होता, यात त्याला स्वतःलाही शंका नव्हती. आता आपला नंबर पुकारणार, म्हणून त्याने मनाची तयारी केली. कर्ण्यातून इर्माबाईंचा आवाज आला :

"नंबर 99, बाद!"

आर्सेनला वाटलं, वा! आपल्यामागेही कुणी होतं तर. त्याला एकदम दुप्पट जोर आला.

पुढे सगळ्यात आघाडीवर असलेला नॉर्बर्ट मात्र हबकला. तो आतल्या बाजूला उतरला आणि पंचांच्या टेबलाशी येऊन गरजला, "बाई, मी पहिला आहे! पहिला!"

मावळतीकडचं ऊन सरळ इर्माबाईंच्या तोंडावर होतं. "मी 99 वाचलं. शेवटी."

"डोळे आहेत का तुम्हाला?"

"पंचांशी वाद घालणाऱ्याला पुढच्या महिन्यातही बंदी. नियम अकरा. अजून काही?"

नॉर्बर्टने हेल्मेट आपटलं, बाहेर उभ्या असलेल्या आपल्या गाडीत जाऊन बसला आणि काचा वर केल्या. बाकांवर टाळ्या झाल्या नाहीत, पण लोक फार प्रेमाने एकमेकांकडे बघू लागले.

पुढच्या दोन फेऱ्या. आर्सेन पुन्हा शेवटी.

"नंबर 99, तुम्ही बाद आहात! ट्रॅक सोडा! आणि त्यांच्या पुढचा, नंबर 14, बाद!"

दंतवैद्य चरफडत खाली उतरला आणि तडक खानावळीकडे गेला. आर्सेन पॅडल मारत राहिला. त्याच्या मनात आलं, काय निर्लज्ज माणूस आहे हा नव्याण्णव! सांगितलेलं कळत नाही? असलाच माणूस खिडकीवर आला असता तर आपण त्याला कसा सरळ केला असता, या विचारात त्याची एक फेरी बरी गेली.

मग तेच चालू झालं. दर दोन फेऱ्यांनी इर्माबाई 99 ला हाकलत, 99 जात नसे, आणि त्याच्या पुढचा जो कुणी असेल तो बाद होई. आठव्या वेळी बाईंचा आवाज चिरकला. त्यांनी लाल निशाण हलवलं. आर्सेनला वाटलं, आपल्याला प्रोत्साहन देतायत. त्याने मानेनेच आभार मानले. तिसऱ्या ओळीतून विल्फ्रीडची घंटा वाजत होती. ती सुरुवातीला चेष्टेने वाजत होती. आता वाजवणाऱ्याचं तोंड उघडंच राहिलं होतं. ओमेरकाका काठावरून ओरडत होते, "असाच! मी जिंकलो तेव्हा असाच चालवत होतो!"

शेवटी ट्रॅकवर दोघं उरली. एक येल्के नावाची एकोणीस वर्षांची मुलगी आणि तिच्यामागे, जवळजवळ एक फेरी मागे असल्यामुळे काही क्षण तिच्यापुढेही दिसणारा, आर्सेन. येल्के त्याला ओलांडून रेषेपार गेली. इर्माबाईंनी तक्ता पाहिला. बारा नंबर खोडलेले होते. न खोडलेले दोन : 5 आणि 66. त्यांना संध्याकाळभर 66 कुठे दिसला नव्हता. पण कागदावर तो होता आणि कागदावर असणं म्हणजेच असणं, हे त्या पस्तीस वर्षं शिकवत आल्या होत्या.

"पहिली, नंबर 5! दुसरा, नंबर 66, आर्सेन कोपेन्स!"

आर्सेनला हे तिसऱ्या वळणावर ऐकू आलं. पुढच्या दोन फेऱ्या तो थांबता येत नाही म्हणून फिरला आणि त्यापुढच्या दोन, लोक टाळ्या वाजवत होते म्हणून. मग काकांनी त्याला सीटला धरून थोपवलं.

गोडेलीव्ह मागून धावत आली. मिठी मारायला तिने हात पुढे केले आणि ती थबकली.

"आर्सेन, तुझ्या पाठीवर नव्याण्णव का आहे?"

मग काकांनी कपाळावरचा चष्मा नाकावर आणला, पाहिलं आणि परत कपाळावर नेला.

"म्हणजे," आर्सेन हळूहळू म्हणाला, "मी पहिल्यांदाच बाद झालो होतो. त्यानंतर अकरा वेळा."

"तू गप्प बस," काका दबक्या आवाजात म्हणाले. "आनंदी चाकला त्रेपन्न वर्षांनी काहीतरी मिळतंय. ये, मी काढतो पिना. कुणाला कळतंय?"

"मला कळलंय ना."

"तुला काय कळतंय? तू नवीन सभासद आहेस!"

आर्सेनने बाकांकडे पाहिलं. नगरपालिकेची तिसरी ओळ उभी राहिली होती. विल्फ्रीड, जो वाद घालत नाही आणि कौतुकही करत नाही, तो दोन्ही हात वर करून घंटा वाजवत होता. उद्या सकाळी खिडकी क्रमांक चारवर हे सगळे येऊन हात मिळवणार होते. आणि मग दहा वाजता कुणीतरी बाई येणार, जिच्या अर्जात एक आकडा उलटा पडलेला असणार, आणि आर्सेन तिला सौम्य आवाजात सांगणार, की यात वैयक्तिक काही नाही. या चित्रात काय खटकतंय ते त्याला नीट सांगता आलं नसतं. पण सुटत चाललेली लोकर एका हाताने धरून तो टेबलाकडे निघाला.

"बाई," तो म्हणाला, "तुमच्या तक्त्यात चूक आहे." आणि वळून त्याने त्यांना पाठ दाखवली.

इर्माबाईंनी पाठ वाचली. मग मान वाकडी करून पुन्हा वाचली. मग त्यांनी उन्हाकडे पाहिलं, तक्त्याकडे पाहिलं आणि चष्मा काढून पुसला.

"हे तुम्ही सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग कशाला सांगितलंत?" त्या कळवळून म्हणाल्या. "आता नियम एकोणीस! पंचांकडून ओळखीची चूक झाल्यास शर्यत पहिल्यापासून!"

ही घोषणा झाली तेव्हा अकरा दमलेल्या माणसांनी आर्सेनकडे अशा नजरेने पाहिलं, की तसं आजवर त्याच्या खिडकीवरसुद्धा कुणी पाहिलं नव्हतं. फक्त बाहेरच्या गाडीची काच खाली झाली आणि नॉर्बर्ट हसत हसत आत आला. खानावळीतून दंतवैद्य लुडोला ओढून आणण्यात आलं. आपलं काम संपलं असं समजून त्याने बीफच्या रश्श्याबरोबर तळलेल्या बटाट्यांची मोठी थाळी आणि वर दोन बिअर एवढा मामला उरकला होता. त्याच्या ओठाला अजून मेयोनीज होतं.

"हे सगळं तुमच्यामुळे?" कठड्याला धरता धरता त्याने आर्सेनला विचारलं.

"हो. माफ करा."

"तुम्हाला मी दाखवतो," लुडो म्हणाला आणि त्याला मोठी ढेकर आली.

या खेपेला नंबर गोडेलीव्हने लावला होता, आर्सेनला उभा ठेवून. पिना चारही आत गेल्या होत्या, कशात ते विचारू नये. पिस्तूल वाजलं. आर्सेनच्या मांड्यांची केव्हाच लापशी झाली होती. पण वळणावर त्याने डोळे उघडे ठेवले. बाकीचे बाराजण निघून गेले. राहिले दोघं, मागे, एकमेकांच्या शेजारी : एक लोकरीत घट्ट बांधलेला कारकून आणि एक बटाट्यांनी भरलेला दंतवैद्य. दुसऱ्या फेरीच्या शेवटच्या सरळ पट्टीत सगळ्या ट्रॅकने पुढची शर्यत सोडली आणि मागे पाहिलं. लुडो वाकला होता, तोंड वेडंवाकडं करून रेटत होता. आर्सेनच्या काखेत लोकर टर्रकन फाटली आणि तिथून अचानक त्याला श्वास घेता आला, छातीभर, संध्याकाळपासून पहिल्यांदा. त्याने तो घेतला आणि पाय खाली दाबले.

"नंबर 14, बाद!" इर्माबाई ओरडल्या आणि एवढ्यावर न थांबता त्यांनी उगाचच जोड दिली, "अर्ध्या चाकाने!"

पुढच्या दोन फेऱ्यांनी आर्सेनही बाद झाला. या वेळी 66 हा आकडा त्याला स्वच्छ ऐकू आला. येल्केने नॉर्बर्टला दोन सायकलींच्या अंतराने मागे टाकून शर्यत पुन्हा जिंकली. बक्षीस घेताना ती म्हणाली, की ती मांस खात नाही. पण मांडी तिने परत दिली नाही.

निकालपत्रावर आर्सेन तेरावा होता. चौदांत तेरावा. त्याने इर्माबाईंकडे सही-शिक्क्याची प्रत मागितली आणि शिक्का सरळ आहे ना ते उन्हात धरून पाहिलं. ओमेरकाका जरा घुश्श्यात होते, पण एवढ्या मोठ्या मैदानात तेरावं येणं म्हणजे थट्टा नव्हे, हे ते येणाऱ्या-जाणाऱ्याला आपणहून सांगत होते.

गाडीच्या टपावर सायकल बांधताना मागून कुणीतरी आलं. लुडो होता, हातात हेल्मेट, चेहरा अजून लाल.

"कोपेन्स," तो म्हणाला, "जुलैच्या पहिल्या गुरुवारी येणार ना तुम्ही?"

"का?"

"का म्हणजे? पोट रिकामं ठेवून येणार आहे मी. उद्या सकाळी सहापासून सराव. अर्ध्या चाकाने म्हणे!" एवढं बोलून तो पाय आपटत निघून गेला.

घराकडे निघाल्यावर आर्सेन मांड्या चोळत बसला. गोडेलीव्ह गाडी चालवत होती. काका मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून झोपले होते.

"दुखतंय का?" तिने विचारलं.

"ऐकलंस तू?" आर्सेन म्हणाला. "सहाला उठणार आहे तो. माझ्यासाठी."